छात्रशिक्षक आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. आणि डी.एल.एड.चे छात्रशिक्षक आमच्या गटातल्या शाळांमध्ये सरावाला आले की साधारण दुसऱ्या आठवड्यापासून माझा फोन वाजायला लागतो. मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतली विशेष शिक्षिका; एका शाळेची नाही, सात-आठ शाळा फिरते. दरवर्षी मुलं नवी, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदा सगळे लिहून काढले. काही प्रश्न पालकांनी विचारलेले आहेत, तेही यातच घेतले. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्याला लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्गात एक 'विशेष गरजा असलेलं' मूल आहे, एवढंच मुख्याध्यापकांनी सांगितलं. म्हणजे त्याला नेमकं काय आहे?

एवढ्यावरून काहीच कळत नाही. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ आहेत. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), कर्णबधिरत्व, अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, अगदी थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासुद्धा त्यात येतात. हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) असलेला मुलगा गणितात वर्गात पहिला असू शकतो, पण खो-खोत पडून त्याचा गुडघा सुजला तर ती धावपळ करण्याची वेळ असते. कोणता प्रकार ते शाळेच्या यूडायस नोंदीत (सरकारकडे भरायच्या शाळेच्या माहितीत) असतं, वर्गशिक्षकांकडे बघायला मागा. त्यापुढचं सगळं पालकांकडून.

शब्दांबद्दलही बरेच जण विचारतात. 'मतिमंद' हा शब्द कागदावरून गेला, बोलण्यातून अजून गेलेला नाही. पालकांशी बोलताना सरळ मुलाचं नाव घ्या. एखादी आईच 'माझा जरा मंद आहे' म्हणाली तर तिथल्या तिथे तिला सुधारायला जाऊ नका. तुम्ही तुमचा शब्द वापरत राहा.

२. पालकांना मार्गदर्शन करायचं असं आम्हाला शिकवलंय. त्यांच्याकडून शिकायचं म्हणजे काय?

एक प्रसंग सांगते. दुसरीतला एक स्वमग्न मुलगा. सरावाला आलेल्या मुलीने निरीक्षण वहीत लिहिलं होतं: 'प्रश्नाचे उत्तर देत नाही. स्वतःच प्रश्न विचारतो. सामाजिक संवादाची इच्छा दिसते.' तो प्रश्न होता 'तुला पाणी पाहिजे का?' सकाळपासून त्याने तिला तो सात-आठ वेळा विचारला होता, आणि तिने दर वेळी हसून 'नको रे राजा, मला नको' म्हटलं होतं. दुपारी त्याने दप्तर फेकलं, शेजारच्या मुलीला ढकललं. वहीत 'अचानक आक्रमक वर्तन' अशी नोंद झाली.

शाळा सुटताना आई आली. वही वाचायचीही गरज पडली नाही तिला. 'अहो मॅडम, त्याला तहान लागली असेल. आम्ही त्याला जसं विचारतो तसंच तो मागतो.'

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणण्याबद्दल त्या मुलीने पेपरात पाच गुणांचं उत्तर लिहिलेलं होतं, ते तिला पाठही होतं. पण हे वाक्य म्हणजे 'मला पाणी द्या', हे पुस्तकात असणार कसं? ते त्या घरातल्या स्वयंपाकघरात तयार झालेलं. मार्गदर्शन जरूर करा, सरावाच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर विचारा.

३. पहिल्या भेटीत नेमकं काय विचारू?

'मूल कसं आहे?', 'काय काय प्रॉब्लेम आहेत?' असं विचारू नका. याची ठरलेली उत्तरं पालकांकडे तयार असतात, डॉक्टरांना आणि बालवाडीच्या बाईंना देऊन गुळगुळीत झालेली. त्यातून तुम्हाला 'हट्टी आहे', 'ऐकत नाही', 'बाकी हुशार आहे' एवढंच मिळेल.

मी छात्रशिक्षकांना एकच प्रश्न घेऊन पाठवते: 'काल सकाळी तो उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय झालं?' आणि मग गप्प बसायला सांगते. पहिली दोन मिनिटं आई म्हणते, 'काय होणार, नेहमीचंच.' मग हळूहळू एकेक बाहेर येतं. ब्रश केला, पण निळाच लागतो. मिक्सर लावायच्या आधी मी त्याला 'आता घुर्रर्र होणार' असं सांगते, नाहीतर तो कान धरून पलंगाखाली जातो. गणवेशाच्या शर्टाची कॉलरमागची पट्टी मी कापून टाकलीय, ती टोचते त्याला. बुटांना नाडी नको, वेल्क्रो हवं.

शाळेत मिक्सर नाही, पण परिपाठाचा लाउडस्पीकर आहे, घंटा आहे. घंटेच्या आधी त्याला 'आता वाजणार' असं सांगायचं, हे तुम्हाला फुकट मिळालं. 'मूल आवाजाला संवेदनशील आहे' हे वाक्य घेऊन तुम्ही वर्गात काहीच करू शकला नसता.

आणखी दोन-तीन प्रश्न हाताशी ठेवा. शांत करायला काय करता? शू लागली हे कसं कळतं? कोणत्या गोष्टीला तो नेहमी हसतो? 'कधी कळलं तुम्हाला?' हा प्रश्न मात्र पहिल्या भेटीत नको. ते सांगायचं असेल तेव्हा पालक आपणहून सांगतात.

आणि बोलणं झाल्यावर लिहा, समोर बसून नाही. समोर वही उघडली की सरकारी माणूस आल्यासारखं होतं.

४. पण व्यक्ती अभ्यासाच्या (केस स्टडीच्या) नमुन्यात जन्मापासूनचा इतिहास भरायचा असतो. तो रकाना रिकामा कसा ठेवू?

बऱ्याच नमुन्यांत 'गरोदरपणातील आजार', 'प्रसूती कशी झाली', 'आई-वडिलांचे नात्यात लग्न आहे का' असे रकाने असतात. आईला हे प्रश्न कसे ऐकू येतात याचा विचार करा. सासरच्यांनी हेच तिला वर्षानुवर्षं विचारलेलं असतं, फक्त वेगळ्या सुरात.

माझी रीत अशी. आधी विचारायचं की दवाखान्याची फाइल बघायला मिळेल का. बहुतेक पालकांकडे प्लास्टिकच्या पिशवीत ती जपून ठेवलेली असते, आणि लागतं ते त्यात असतं. फाइल नसेल तर 'पालकांना सांगण्याची इच्छा नाही' असं लिहून पुढे जा. मी पाहिलेल्या कुठल्याही प्राध्यापकांनी यासाठी गुण कापलेले नाहीत, उलट एकांनी त्याखाली रेघ ओढून 'योग्य' असं लिहिलं.

नाव बदला, गावाचं नाव गाळा. फोटो पालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय लावायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तर कधीच नाही, 'माझे छोटे हिरो' असं लिहूनसुद्धा नाही. अभ्यास लिहून झाला की तो पालकांना वाचून दाखवा. आपल्या मुलाबद्दल काय लिहिलं गेलंय हे बघायचा अधिकार त्यांचाच आधी.

५. आई म्हणते घरी सगळं करतो. वर्गात तर काहीच करत नाही. खरं कोणाचं?

दोघांचंही. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यामागे बहुतेक वेळा 'आई वाढवून सांगते' असा संशय असतो. संशय बाजूला ठेवा आणि घरी कुठे बसून करतो, कशावर करतो, शेजारी कोण असतं, हे विचारा.

सेरेब्रल पाल्सी असलेली तिसरीतली एक मुलगी. घरी पाटीवर नाव लिहिते, वर्गात पेन्सिलच धरत नाही. छात्रशिक्षक घरी गेला. ती लाकडी खुर्चीवर बसली होती आणि तिच्या आजीने पायाखाली पाट सरकवला होता. जेवायला बसायचा साधा पाट. वर्गात बाकावर बसल्यावर तिचे पाय लोंबकळायचे. पायांना आधार नसला की सगळं बळ धड सावरण्यात जातं, हाताला काही उरत नाही. हे कुठल्याही फिजिओथेरपिस्टने सांगितलं असतं, पण आजीला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. 'पाय हलले की तिचे अक्षर पण हलते,' एवढंच तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या दोन विटा गोणपाटात गुंडाळून बाकाखाली ठेवल्या. चार दिवसांनी फळ्यावरचा सुविचार तिने उतरवून घेतला. निम्माच, पण घेतला.

उलटही होतं. शाळेत स्वतःच्या हाताने खिचडी खाणारं मूल घरी भरवून घेतं. पालकांना हे सांगताना 'तुम्ही लाड करता' असं म्हणू नका. शाळेत ताट कसं, खिचडी किती घट्ट, शेजारी कोण बसतं, हे सांगा. पुढचं ते ठरवतात.

६. पालक शाळेत येतच नाहीत. फोनही उचलत नाहीत. मग कोणाकडून शिकू?

आधी त्यांचा दिवस बघा. रोजंदारीवरची बाई अकरा वाजता शाळेत आली तर तिची हजेरी बुडते. बीडकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. मूल मागे राहिलं तर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतं. अशा वेळी पालक म्हणजे आजी, आणि आजीला सगळं माहीत असतं.

रोज सोडणारे रिक्षावाले काका, शेजारची वहिनी, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, मोठी बहीण. या सगळ्यांना विचारता येतं. बहिणीला मात्र जपून विचारा. एवीतेवी सगळ्या शाळेत 'त्याची ताई' म्हणूनच तिची ओळख झालेली असते, तिलाही थोडा वेळ फक्त सातवीतली मुलगी राहू द्या.

७. बाबांशी बोलायचं असतं पण ते 'हिच्या आईला विचारा' म्हणतात. काय करावं?

बाबांना आजाराबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. गाडीवर कसं बसवता? केस कापायला कुठे नेता? स्वमग्न मुलाचे केस कापून आणणाऱ्या बापाकडे एक तासाचं व्याख्यान असतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

८. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या मला 'मॅडम' म्हणतात, मी त्यांना काय म्हणू?

'ताई', 'काकू', जे तुमच्याकडे चालतं ते. पण नाव विचारून घ्या. शाळेत आणि दवाखान्यात ती बाई कायम कोणाची तरी आई असते. हजेरीपटात, फाइलवर, प्रमाणपत्रावर, सगळीकडे. 'सुनीताताई' म्हणायला तुम्हाला काही खर्च नाही.

९. रोज काय बोलायचं? वही ठेवू की व्हॉट्सअ‍ॅप?

लिहिणारे पालक असतील तर वही. दोन्हीकडून तीन-चार ओळी: झोप किती झाली, औषध घेतलं का, पोट साफ झालं का, काही नवीन घडलं का. पोटाबद्दल लिहायला छात्रशिक्षक लाजतात. बोलता न येणाऱ्या मुलाच्या कितीतरी 'वर्तन समस्या' बद्धकोष्ठाच्या असतात हे एकदा अनुभवलं की लाज जाते.

लिहिता न येणाऱ्यांसाठी व्हॉइस मेसेज उत्तम. एक पथ्य पाळा: आठवड्यातून निदान दोनदा चांगली बातमी गेली पाहिजे. शाळेचा नंबर दिसला की ज्या आईच्या छातीत धस्स होतं, ती पुढे फोन उचलत नाही. प्रश्न ६ची सुरुवात बरेचदा इथून होते.

१०. वर्गात फिट आली तर? मला फार भीती वाटते.

भीती वाटणारच. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी ठेवा, कॉलर सैल करा, आजूबाजूचे बाक सरकवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणारे कोणी ना कोणी धावत येतंच, त्यांना 'वाऱ्याला जागा करा' म्हणून बाहेर काढा. फिट ५ मिनिटांच्या वर गेली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा मार लागला, तर १०८ ला फोन.

हे झालं सगळ्यांसाठी. याच्यापुढचं पालकांना आधीच विचारून ठेवायचं: येण्यापूर्वी काही कळतं का? एरवी किती वेळ चालते? नंतर किती झोपतो? एक आई म्हणाली होती, 'आधी डाव्या हाताची करंगळी चोळतो.' तिच्याशिवाय हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. काही मुलांना डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिलेला असतो. तो शाळेत ठेवायचा का, कोणी द्यायचा, हे मुख्याध्यापकांनी पालकांकडून लेखी घ्यायचं असतं. छात्रशिक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नये.

काही फिट पडायच्या नसतातच. मूल दहा-पंधरा सेकंद एकटक बघत राहतं, हातातली पेन्सिल थांबते, मग काही झालंच नाही असं पुढे चालू. 'लक्ष नसतं' असा शेरा मारण्यापूर्वी घरी असं होतं का ते विचारा.

११. श्रवणयंत्र लावलंय तरी मूल ऐकत नाही. यंत्र बिघडलंय का?

पालकांना म्हणा, 'मला मशीन लावायला शिकवा.' पाच मिनिटांचं काम आहे. शिट्टी वाजत असेल तर कानातला साचा नीट बसलेला नाही किंवा मूल मोठं झाल्यामुळे सैल झालाय. अजिबात आवाज नसेल तर बहुतेक वेळा बॅटरी. पावसाळ्यात घाम आणि ओल आत जाते. घरी आई ते यंत्र रात्री घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवते. शाळेत अशी एक डबी आणि बॅटरीचा जादा सेल असू द्या. बाकी, यंत्राने आवाज मोठा होतो, शब्द आपोआप स्पष्ट होत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

१२. घरी अहिराणी बोलतात. स्पीच थेरपीसाठी 'घरात फक्त मराठी बोला' असं सांगू का?

नका सांगू. अहिराणी, गोरमाटी, कोकणी, मालवणी, काहीही असो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, हा समज अभ्यासांतून टिकलेला नाही. नुकसान दुसरीकडे होतं. घरातल्यांना न येणारी भाषा बोलायला लावली की ते मुलाशी कमी बोलतात. आजी तर गप्पच होते.

हा सल्ला काही तज्ज्ञही देऊन बसतात. इंग्रजीच्या बाबतीत तर सर्रास. ज्या घरात एरवी कोणी इंग्रजी बोलत नाही तिथे 'कम हिअर, सिट डाउन' एवढीच चार वाक्यं मुलाच्या वाट्याला येतात, म्हणजे फक्त हुकूम. गंमत, रागावणं, अंगाई, सगळं गेलं.

तुम्ही उलट करा: मूल वापरतं ते वीस-पंचवीस शब्द आईकडून लिहून घ्या. पाण्याला, दुखण्याला, 'पुरे'ला, शूला तो काय म्हणतो? ही यादी वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. प्रश्न २ मधल्या मुलाची यादी आम्ही तशीच केली, आणि पहिली ओळ होती 'तुला पाणी पाहिजे का = मला पाणी द्या'.

१३. या मुलाला अध्ययन अक्षमता आहे असं मला वाटतं. पालकांना सांगू का?

जे दिसलं ते सांगा, त्याला नाव देऊ नका. 'डिस्लेक्सिया असावा' हे तुमचं काम नाही. 'वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो, भ-म आणि घ-ध यांत गोंधळतो, तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण लिहायला सांगितलं की पोट दुखतं,' हे तुमचं काम आहे. सोबत वहीची दोन पानं दाखवा.

मग विचारा: घरात तुम्हाला काय दिसलं? पोट दुखण्याचं त्यांना आधीच माहीत असतं, सोमवारी जास्त दुखतं हेही.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. औपचारिक चाचणी साधारण ८ वर्षांनंतर होते; पहिलीतल्या मुलाला घेऊन धावायची गरज नसते, मदत मात्र लगेच सुरू करता येते. मुंबईत सायन, नायर, केईएम या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतून तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणचं मला विचारा, किंवा प्रश्न १४ बघा.

१४. पालक प्रमाणपत्र, कार्ड, सवलती विचारतात. मला हे सगळं पाठ हवं का?

मुख्य मुख्य हवं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), यावर बऱ्याच योजना अडकलेल्या असतात. अर्ज ऑनलाइन होतो. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, पण अशा मुलांना २०१६च्या कायद्याने ६ ते १८ पर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. खासगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव प्रवेशात दिव्यांग मूल वंचित घटकात येतं आणि त्याला उत्पन्नाची अट लागत नाही. हे खूप पालकांना माहीत नसतं. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय आहे. तो पालकांचा पर्याय, शाळेने मूल टाळायची पळवाट नव्हे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. दहावी-बारावीला पात्र विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो, पण त्याचे कागद आदल्या वर्षीच तयार हवेत.

आता शिकण्याची गोष्ट. दिव्यांगत्व तपासणी कोणत्या वारी असते, किती वाजता नंबर लावला तर त्याच दिवशी होतं, कोणत्या कागदाच्या दोन झेरॉक्स लागतात, मूल रांगेत बिथरलं तर कुठल्या जिन्याखाली सावली आहे, हे एकाही शासन निर्णयात नाही. हे आधी जाऊन आलेल्या आईला माहीत असतं. तिला विचारून लिहून घ्या आणि पुढच्या आईला द्या. सगळ्यात चांगलं म्हणजे दोघींची गाठ घालून द्या आणि तुम्ही चहा आणायला जा.

१५. मी पालक आहे. सरावाचे सर-मॅडम आले की परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर चालेल का?

चालेल. मुलाच्या जिवाशी संबंधित तेवढं सांगा (औषध, फिट, अ‍ॅलर्जी, पळून जाण्याची सवय), बाकी तुमच्या मर्जीवर. एक पान लिहून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात तर दरवर्षीचा त्रास वाचतो. पानाचा नमुना प्रश्न १९ मध्ये.

१६. बाबा म्हणाले, 'याला काही येणार नाही, नुसतं बसू द्या.' दुसऱ्या आई विचारतात, 'दहावी होईल ना?' काय उत्तर देऊ?

दोघांनाही भविष्य सांगू नका. पहिल्याला 'होईल हो सगळं' म्हणू नका. असं म्हणणारे येऊन गेलेले असतात, आणि निघूनही गेलेले असतात. त्याला काल घडलेली एक गोष्ट सांगा. 'काल याने डब्याचं झाकण स्वतः उघडलं.' बस्स. बाप काही बोलणार नाही, पण घरी जाऊन डबा पुढे ठेवून बघेल.

दहावीचं विचारणाऱ्या आईला मी विचारते, 'दहावी झाल्यावर त्याने काय करावं असं वाटतं तुम्हाला?' एक आई म्हणाली, 'किराणा दुकानात मामाबरोबर बसावं.' मग आम्ही त्या वर्षी सुट्टे पैसे, वजन आणि नोटा ओळखणं धरलं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असाच बनतो. महाविद्यालयात त्याचा तक्ता शिकवतात, पण तक्त्याचा पहिला रकाना पालकच भरू शकतात.

१७. पालकांचं चुकतंय असं वाटलं तर? फिटच्या गोळ्या बंद केल्या, कोणी बाबाने दोरा दिलाय, कोणी 'ऑटिझम बरा करतो' म्हणून महिन्याला हजारो घेतोय.

पालकांकडून शिका म्हणजे पालक म्हणतील ते खरं, असं नाही. दोरा बांधला तर बांधू द्या, त्याने काही बिघडत नाही. गोळ्या अचानक थांबवणं मात्र धोक्याचं, लागोपाठ फिट येऊ शकतात. हे त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना आणि मला कळवा, आणि पालकांना विचारा की का थांबवल्या. 'दिवसभर पेंगतो' असं कारण असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, मात्रा बदलता येते. 'संपल्या' असं असेल तर प्रश्न वेगळाच आहे.

स्वमग्नता 'बरी करणाऱ्या' दुकानांबद्दल माझं मत तिखट आहे. तरी आईला 'फसताय तुम्ही' म्हणू नका. 'तीन महिन्यांत काय बदल दिसेल असं त्यांनी सांगितलंय? लिहून ठेवू या का?' असं विचारा. तीन महिन्यांनी तो कागद काढा.

१८. घरी मुलाला बांधून ठेवतात असं कळलं. किंवा अंगावर वळ दिसले. मी काय करावं?

एकट्याने काही करू नका आणि गप्पही बसू नका. मार्गदर्शक शिक्षक व मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा, तारीख-वेळ घालून जे दिसलं ते लिहून ठेवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल, सराव रद्द होईल, यातलं काहीही आड येता कामा नये. बोलता न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर आणखी जागं राहा.

बांधण्याबद्दल एक सांगायला हवं. हायवेलगतच्या एका घरात आई मुलाच्या कमरेला साडीचा पदर बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधायची. तो दोनदा रस्त्यावर धावला होता आणि तिला स्वयंपाक करायचा होता. तिथे दाराला वरच्या अंगाला कडी लावून घेतली, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं आणि पदर सुटला. ते क्रौर्य नव्हतं. पण क्रौर्य आहे की नाही हे ठरवणं तुमच्या एकट्याच्या हातात ठेवू नका.

१९. माझा सराव पुढच्या आठवड्यात संपतोय. मूल खूप सवयीचं झालंय. कसं निघू?

शेवटच्या दिवशी केक कापून नाही. आठ-दहा दिवस आधी पालकांना विचारा की घरात कोणी गावाला जाणार असलं की याला कसं सांगता. कुणाकडे कॅलेंडरवर फुल्या मारतात, कुणाकडे बॅग दाराशी ठेवतात. तुम्हीही तेच करा. 'मी परत येईन' असं येणार नसाल तर म्हणू नका. काही मुलं त्या तारखेची वाट बघतात.

आणि एक पान लिहून ठेवा, पुढच्या शिक्षकासाठी. काय आवडतं, कशाने बिथरतो, कसं शांत करायचं, त्याचे शब्द, जेवण, शू, औषध, घरचा फोन. एवढंच, एका बाजूला. वर्गशिक्षकांना देण्यापूर्वी ते आईला दाखवा. मागच्या वर्षी एका छात्रशिक्षकाने असं पान फार मन लावून केलं होतं, रंगीत चौकटी वगैरे. आईने चष्मा लावून सावकाश वाचलं, पेन मागितलं, 'खिचडी आवडते'च्या पुढे 'वाटाणा काढून' असं लिहिलं आणि 'शांत होण्यासाठी पाठीवर थोपटावे' मधलं 'पाठीवर' खोडून 'डोक्यावर' केलं. तो म्हणाला, 'मी तर तीन महिने पाठीवरच थोपटत होतो.' ती म्हणाली, 'माहितीय. घरी येऊन सांगायचा तो, खुणेनं.'